टोक दुमडलेला बाण

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाकडच्या एका कॅफेत निशिगंधा भोंडवे हिने पर्समधून बाणाच्या आकाराच्या पिवळ्या स्टिकरचं रीळ काढलं, त्यातला एक बाण सोडवला, त्याचं शेपटाकडचं टोक दुमडलं आणि समोर बसलेल्या गणराज लोमटे याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवला. दोघांची ही पहिलीच भेट होती. कॉफी अजून यायची होती.

“हे काय?” गणराजने विचारलं.

“दोष,” ती म्हणाली. “तुम्ही बोला पुढे. मॅनेजर आहात म्हणत होतात.”

चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हा बाण समजावून सांगावा लागत नाही. गाडी लाइनवरून उतरली की तपासणारा तिच्याभोवती फिरतो. रंगात धुळीचा कण, बंपरवर ओरखडा, दाराला फट, जे दिसेल तिथे पिवळा बाण लावतो. बाण लागलेली गाडी विकायला जात नाही. ती यार्डात ‘होल्ड’वर उभी राहते, आणि ज्या कंपनीचा भाग खराब निघाला तिचा माणूस येऊन तो दुरुस्त करतो. मग बाण काढायचा. हे शेवटचं काम सर्वात किचकट. बाण नखाने खरवडावा लागतो, आणि खरवडताना नवा ओरखडा उठला तर सगळं पहिल्यापासून.

निशिगंधा बाण लावते. गणराज काढतो. ती चाकणच्या एका मोठ्या गाडी कंपनीत शेवटच्या तपासणीवर आहे. तो बंपर बनवणाऱ्या एका लहान कंपनीचा नोकर, पण दिवसभर उभा असतो त्याच मोठ्या कंपनीच्या यार्डात, आपल्या कंपनीचे बंपर पॉलिश करत. सात महिने दोघं एकाच कुंपणाच्या आत होते. तिची शिफ्ट वेगळी, त्याची वेगळी. टोपी, मास्क आणि निळा कोट सगळ्यांना सारखाच. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

ओळख झाली ती डेटिंग ॲपवर. तिथे गणराजने स्वतःविषयी लिहिलं होतं: वय एकोणतीस, उंची पाच फूट नऊ, राहणार वाकड, ऑटोमोबाइल क्षेत्रात मॅनेजर, सुट्टीच्या दिवशी लाँग ड्राइव्ह. सोबत फोटो. डोळ्यांवर गॉगल, एक हात एका पांढऱ्या, मोठ्या, नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर. यातलं वय खरं होतं. गॉगल बंटीचा होता.

बंटी हा त्याचा गाववाला आणि दापोडीतल्या खोलीतला जोडीदार. दोघंही अंबाजोगाईकडचे. बंटी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. ॲपवरचा सगळा मजकूर त्याने लिहून दिला, असं गणराज सांगतो. आपण फक्त उंची वाढवली, बाकीचं त्याचं त्याने केलं, असं बंटी सांगतो. वाद झाला होता याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.

“भावा, तुमच्या कंपनीत ऑडिट असलं की काय करता रे?” बंटीने विचारलं होतं.

“फरशीवरचे पिवळे पट्टे नव्यानं रंगवतो. कुंड्या आणतो भाड्यानं.”

“ऑडिट झाल्यावर कुंड्या?”

“जातात परत.”

“मग पोरगी ऑडिटच हाय की. कुंड्या ठिव चार.”

यार्डात फोटो काढायला मनाई आहे. गणराजकडचा फोन कंपनीने दिलेला, दोषांचे फोटो पाठवण्यापुरता. त्यावरच टायमर लावून त्याने गाडीसोबत फोटो काढला आणि स्वतःला पाठवला. हा मुद्दा पुढे निशिगंधाने कधीच काढला नाही, हे इथे नोंदवायला हवं. फोटोत चूक वेगळीच होती. गणराजच्या डाव्या गुडघ्याशी, गाडीच्या बंपरवर, एक पिवळा बाण होता. गाडी होल्डवर होती. तिच्या बंपरवरचा ओरखडा गणराजनेच काढायचा होता आणि तो काढण्याआधी त्याने तिच्याशेजारी उभं राहून मालकासारखी मान वळवली होती. बंटीला बाण दिसला, पण ती गाडीवरची नक्षी वाटली. गणराजला दिसलाच नाही. दिवसभर तेच बघणाऱ्या माणसाला बाण दिसायचा बंद होतो.

निशिगंधाने हा फोटो गुरुवारी कंपनीच्या बसमधून घरी जाताना पाहिला. आधी तिला बाण दिसला, मग त्याचं दुमडलेलं शेपूट. तपासणीवर पंधरा-सोळा जण आहेत. शेपूट दुमडून बाण लावणारी ती एकटीच. म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या लाँग ड्राइव्हच्या गाडीवर दोष दाखवणारा बाण तिने स्वतःच्या हाताने लावलेला होता. ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारची पूनम झोपेतून उठली. मग निशिगंधाने बोट उजवीकडे, पसंतीच्या बाजूला, सरकवलं. का, असं पूनमने विचारल्यावर ती म्हणाली, “गाडीचा मालक बघायची इच्छा झाली.”

तर कॅफेत कॉफी आली.

“गाडी आणलीय का?” निशिगंधाने विचारलं.

“नाही, सर्व्हिसिंगला दिलीय.”

“अजून नंबर प्लेटही लागली नाही तिला. कसली सर्व्हिसिंग?” दुसरा बाण त्याच्या मनगटावर बसला.

“आहे थोडं काम.”

“ते तर मलाही माहिती आहे. वाकडला कुठे राहता?”

“इथेच. जवळ.”

“सोसायटीचं नाव?”

गणराजने काचेबाहेर पाहिलं आणि समोरच्या इमारतीवर दिसलं ते नाव वाचून दाखवलं. निशिगंधाने मागे वळून पाहिलं. तो दातांच्या दवाखान्याचा बोर्ड होता.

तिसरा बाण खांद्यावर बसला. शेजारच्या टेबलावरची मुलं आता आपापल्या फोनमध्ये बघत नव्हती.

“बुटात काय घातलंय?”

“पाय.”

“पायाखाली?”

गणराजने पाय खुर्चीखाली ओढले. बुटात टाचेखाली चढवायच्या गाद्या मिळतात. त्या दोन होत्या, एकीवर एक. चौथा बाण तिने वाकून बुटावर लावला. वेटरने विचारलं, “मॅडम, वाढदिवस आहे का?” ती नाही म्हणाली.

गणराजचा हात सवयीने खिशावरच्या बाणाकडे गेला. त्याने दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. बाण एका झटक्यात निघून आला. शर्टावर गोंद राहिला नाही. तो हातातल्या बाणाकडे बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे बघितलं.

“तुम्ही,” तो म्हणाला, “बाणवाले काका?”

“कोण काका?”

“यार्डात आमच्या सगळ्यांचं ते नाव आहे. बाकीच्यांचे बाण काढायचे म्हणजे नखं जातात हो. एकाच माणसाचे बाण टोक दुमडलेले येतात, धरलं की निघतात. आम्हाला वाटायचं, कुणीतरी रिटायरमेंटला आलेले काका असणार. पोरांची दया येत असणार त्यांना. दिवाळीला त्यांना शोधून चिवडा-लाडू द्यायचं ठरलं होतं आमचं.”

“दिला नाहीत.”

“काका सापडलेच नाहीत.”

पहिल्या अर्ध्या तासात त्याने दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. तिने बाण लावला नाही. उलट कॉफीचा कप तोंडाला लावून बराच वेळ तिथेच ठेवला, असं गणराज सांगतो. ती हसत होती की नाही, हे त्याला दिसलं नाही.

पुढचं त्याने एका दमात सांगून टाकलं. दापोडी. बंटी. पाच फूट पाच. पद मॅनेजरचं नाही, असिस्टंटचं, तेही कंत्राटावर. गाडी नाही. चालवता येत नाही.

“चालवताही येत नाही?” तिला खरा आश्चर्याचा धक्का तेवढ्याचाच बसला. “दिवसभर गाड्यांत असता ना?”

“गाड्यांच्या बाहेर असतो.”

तिने रीळ पर्समध्ये टाकलं आणि निकाल दिला. “रिजेक्ट करत नाहीये. होल्डवर ठेवते. ॲपवरचं सगळं दुरुस्त करून पाठवा, मी तपासेन. एक जरी बाण लागला, तर पुन्हा भेटायचं नाही.”

गणराजला तिला पुन्हा भेटायचं होतं. इतकं भेटायचं होतं की परतीच्या बसमध्ये त्याने बुटातल्या गाद्या काढून खिडकीबाहेर टाकल्या आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली.

मंगळवारी संध्याकाळी दापोडीच्या खोलीत दुरुस्तीचं काम सुरू झालं. बंटीने दाराच्या चौकटीला गणराजला उभं केलं आणि डोक्यावर पट्टी ठेवली.

“केस दाब,” गणराज म्हणाला.

“केस धरूनच उंची असती रे माणसाची.”

“ती केस दाबून मोजंल.”

“पाच साडेपाच लिहू का? कोण बघतंय अर्धा इंच?”

“ती बघती, बंटी. अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा दहा फुटांवरून बघती. माझं हातावरचं पोट तिच्या नजरंवर चालतंय सात महिने.”

फोटो खोलीच्या दारात काढला. मागे पाण्याचा निळा ड्रम, दोरीवर बंटीची बनियन, आणि कोपऱ्यात रेल्वेचे रूळ. बंटी बनियन काढायला निघाला तेव्हा गणराजने त्याला अडवलं. “राहू दे. कुंड्या नकोत आता.” बंटीचं म्हणणं, निदान धुतलेली तरी टांगू. तेवढी सवलत मिळाली.

मजकूर असा झाला: ‘वय एकोणतीस. उंची पाच फूट पाच, केस दाबून. मूळ अंबाजोगाई. दापोडीत एका खोलीत मित्राबरोबर राहतो. चाकणला बंपर पॉलिश करतो, नोकरी कंत्राटी. गाडी नाही आणि चालवता येत नाही. स्वयंपाक येतो, पोळ्या सोडून. झोपेत घोरतो असं मित्र म्हणतो. माझ्यात खास असं काही नाही.’

“हे वाचून कुत्रं तरी येईल का भेटायला?” बंटीने विचारलं.

“कुत्र्याला नाही पाठवायचं.”

बुधवारी दुपारच्या सुट्टीत उत्तर आलं. मजकुराचाच फोटो, त्यावर बोटाने काढलेला एक पिवळा बाण. गणराजला डबा खाववला नाही. बाण कशावर आहे हे बघायलाही त्याला थोडा वेळ लागला. तो शेवटच्या वाक्यावर होता. खाली निशिगंधाने लिहिलं होतं: ‘हे खोटं आहे. दुरुस्तीच्या नोंदवहीत तुमचं नाव शोधलं. सात महिन्यांत तुम्ही दुरुस्त केलेला एकही बंपर माझ्याकडे परत आलेला नाही. बाकीच्यांचे येतात.’

त्याने तिला फोन लावला.

“म्हणजे पास ना?”

“नाही. बाण लागला.”

“पण तो तर माझ्या बाजूनं लागलाय!”

“बाणाला बाजू नसते. खोटं ते खोटं. नियम ठरला होता आपला.” तिचा आवाज गंभीर होता. नंतर तिने पूनमला सांगितलं, की नियम केल्याचा तिला त्याच क्षणी पश्चात्ताप झाला होता. पण तपासणीवरच्या माणसाने स्वतःचाच नियम वाकवला तर लाइनवर त्याला कोण विचारतं?

बंटीच्या मते प्रकरण तिथेच मिटलं होतं. गणराज मात्र संध्याकाळी खोलीत शून्यात बघत बसला असताना एकदम उठला. कारखान्यात एक रिवाज आहे. भाग नापास झाला आणि तो बनवणाऱ्याला पटलं नाही, तर तो आधी म्हणतो, तुमचं गेज दाखवा. गेज म्हणजे मोजायचं साधन. तेच चुकीचं निघालं, तर नापास केलेला भाग नापास धरत नाहीत. निकालच रद्द होतो. निशिगंधाची ॲपवरची माहिती त्याने आजवर पंचवीसेक वेळा वाचली होती. तपासली एकदाही नव्हती.

त्यात लिहिलं होतं: ‘निशिगंधा, अठ्ठावीस. राहणार रावेत, भाड्याने. कुटुंब साधं. गोड कमी, तिखट जास्त.’ फोटो गच्चीवरचा. ती कठड्याला टेकलेली, केस वाऱ्यावर. गणराजने फोटो मोठा केला आणि तिचा चेहरा बाजूला सरकवला, जे त्याला जरा जड गेलं. कठड्याच्या पलीकडे लोखंडी अक्षरं उभी होती. इमारतीचं नाव रस्त्यावरून वाचता यावं म्हणून बसवलेली. इथे मागून दिसत असल्याने उलटी. बंटीने फोन आरशासमोर धरला. आरशात नाव सरळ झालं: निशिगंधा हाइट्स.

“आपल्या भाडेकरणीचं नाव घरमालकानं इमारतीला दिलंय,” बंटी म्हणाला. “लई मनाचा मोठा माणूस दिसतोय.” मग त्याचा चेहरा बदलला. “थांब. ही बिल्डिंग मी बघितलीय. तू पण बघितलीय. दोन वर्षांमागं खोली बघायला गेलो होतो रावेतला, आठवतंय का? पाइपनं बुलेट धूत होता एक मिशीवाला. ‘बॅचलरला न्हाई’ म्हणून गेटातूनच हाकललं आपल्याला. पाणी उडालं होतं माझ्या पँटीवर.”

गणराजने तिचाच फोटो तिला पाठवला. ‘भाड्याने’ या शब्दावर एक पिवळा बाण, लोखंडी अक्षरांवर दुसरा. खाली लिहिलं: ‘गेज चुकीचं आहे. निकाल रद्द करावा.’

वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. गुरुवारी कंपनीत यार्डात आलेल्या सर्व गाड्यांवरचे बाण साधे होते, एकाचंही टोक दुमडलेलं नव्हतं. गणराजची दोन नखं गेली. संध्याकाळी फोन वाजला.

“वडिलांची इमारत आहे,” ती म्हणाली. “आमचं शेत होतं तिथे. खरं लिहिलं होतं आधी. तिघांशी बोलणं झालं. पहिल्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, एकूण किती गुंठे? दुसऱ्याने विचारलं, भाऊ आहे का? तिसरा जरा सभ्य होता, त्याने नकाशावर जागा दाखवा म्हटलं. म्हणून भाड्याने राहायला लागले.” मग म्हणाली, “आता तुम्ही विचारा.”

“काय?”

“गुंठे किती ते.”

“मला घरमालकांची भीती वाटते हो,” गणराज म्हणाला. “तुमच्या वडिलांनी आम्हाला हाकललंय एकदा. मित्राची पँट भिजवली.”

पलीकडून हसणं आलं. ते थांबल्यावर तिने गेज चुकीचं असल्याचं मान्य केलं, निकाल रद्द केला आणि रविवारी सकाळी अकराला घरी यायला सांगितलं.

“घरी? कॅफेत चाललं असतं की.”

“कॅफेत बाण लावायला मी एकटीच असते. आणि मी पप्पांना सगळं खरं सांगून ठेवणार आहे. ॲपवर भेटला, कंत्राटी आहे, दापोडीला राहतो, गाडी नाही, चालवता येत नाही.”

“चालवता येत नाही हे कशाला सांगायचं?”

“बाण लावू का?”

“सांगा, सांगा.”

ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी गणराज निशिगंधा हाइट्सच्या गेटावर पोचला. बूट सपाट होते. शर्ट तोच, कॅफेतला. तिथल्या चार बाणांपैकी एक, खिशावरचा, त्याने मोबाइलच्या कव्हरखाली जपून ठेवला होता. गेटावर पाटी होती: फक्त फॅमिलीसाठी, बॅचलरनी चौकशी करू नये. आत उद्धवराव भोंडवे पाइपने बुलेट धूत होते.

“खोली न्हाई,” त्यांनी वर न बघता सांगितलं. “पाटी वाचता येती का न्हाई?”

लग्न झालेल्या भावासाठी फ्लॅट बघायला आलोय म्हणून आत शिरायचं आणि मग वरून तिला बोलवायचं, हा सल्ला बंटीने निघताना दिला होता.

“खोलीसाठी नाही आलो, काका,” गणराज म्हणाला. “निशिगंधाला भेटायला आलोय.”

“कोन म्हनून?”

“ते अजून ठरायचंय.”

उद्धवरावांनी आता वर पाहिलं. “कंपनीतली वळख व्हय?”

व्हय म्हणायला काहीच अडचण नव्हती. ते निम्मं खरं होतं. गणराज म्हणाला, “नाही. म्हणजे कंपनी तीच, पण ओळख मोबाइलवर झाली. ॲप असतं एक.”

“लग्नाचं?”

“नाही. भेटायचं.”

उद्धवरावांनी नळ बंद केला. पाइप गुंडाळला. गणराजभोवती एक फेरी मारली, लाइनवरून उतरलेल्या गाडीभोवती मारतात तशी. मुलीची चाल कुठून आली हे गणराजला तेव्हा कळलं.

“मला समदं म्हाईत हाय,” ते म्हणाले. “पोरीनं सांगितलंय. फकस्त बघत व्हतो, तू काय सांगतोस. उंची किती तुझी?”

“पाच पाच. केस दाबून.”

“ती पाच सात म्हनली.”

गणराजने आपल्या सपाट बुटांकडे पाहिलं.

“आन् गाडी शिकायला क्लास लावलाय न्हवं?”

“नाही. अजून नाव घातलेलं नाही.”

“ती म्हनली लावलाय. शनवार-रयवार जातो म्हनली.” उद्धवरावांच्या मिशीखाली काय चाललं होतं ते स्पष्ट दिसत नव्हतं. “मंग दोघांतलं कोन खोटं बोलतंय आता?”

या प्रश्नाला गणराजकडे खरं उत्तर होतं, आणि ते दिलं तर काय होईल याचा त्याला अंदाज नव्हता. त्याने मोबाइल उलटा करून कव्हरखालचा बाण काढला आणि हातात धरला.

उद्धवरावांनी मान वर केली आणि जिन्याच्या पोकळीत हाक मारली. “निशे! खाली ये. आन् येताना कपाटातली मोजायची टेप घिऊन ये.”

हाती आलेली शेवटची माहिती अशी: अकरा वाजून गेले होते. गणराज पार्किंगच्या खांबाला पाठ लावून, बूट काढून उभा होता. उद्धवराव त्याच्या डोक्यावरचे केस तळहाताने दाबून धरून होते. जिन्यावरून टेप घेऊन कुणीतरी उतरत होतं, आणि मधल्या एका मजल्यावर बराच वेळ थांबलं होतं.